मधलं पाणी

पंचवटीच्या भाजीबाजारातून पेठ नाक्याकडे जायला सरळ वाट होती. पण पुतळाबाई त्या वाटेने कधी गेली नाही. वाटेत सुक्या मासळीची गल्ली लागायची. बोंबील, सुकट, वाकट्या यांचे ढीग मांडून बायका बसलेल्या असायच्या. तो वास नाकात जाऊ नये म्हणून ही बाई डोक्यावर ओझं असलं तरी देवळांच्या मागून मोठा वळसा घालायची. बाजारात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बायका तिची थट्टा करायच्या. "पुतळे, माळ घातली का गं?" "डोंगरातली तू, जित्ता खेकडा फोडून खाशील, आन सुकटीला नाक मुरडती व्हय?" पुतळाबाई हसायची, पदर नाकाला लावायची आणि वळसा घ्यायची.

आपल्या नाशिककरांना समुद्राचं तसं काही देणंघेणं नसतं. गोदावरी दाराशी आहे, तेवढ्यावर आपलं पुण्य भागतं. ती पूर्वेला वाहत जाते आणि कुठल्या कुठे समुद्राला मिळते, तो समुद्र बघायला कुणी गेलेलं नसतं. पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पडलेला पाऊस उलट्या अंगाने, पश्चिमेला उतरतो. त्याच्या मागोमाग, दिवाळी झाली की, तिथली माणसंही उतरतात. खाडीकाठच्या मिठागरांचे बांध घालायला, चिखल उपसायला, मीठ ओढायला. ताटात मीठ वाढताना ते कुणाच्या पायाच्या जखमांतून आलं हे विचारायची आपल्यात पद्धत नाही, ते एक बरंच आहे.

पुतळाबाईही तशी उतरली होती. एकदाच, बहात्तरच्या दुष्काळात.

त्या साली डोंगरात नागली जमिनीतून वर आलीच नाही. पुतळाबाई, तिचा नवरा पुंजा आणि नुकती पावलं टाकायला लागलेली कुसा, अशी तिघं मुकादमाच्या ट्रकमध्ये चढली. ट्रकने घाट उतरून त्यांना एका खाडीच्या काठावर सोडलं. पुंजाने जन्मात पहिल्यांदा एवढं पाणी पाहिलं आणि तो पोट धरून हसला. "एवढं पाणी हाय, आन आपण दुष्काळाला रडतो!" मग त्याने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. बायको त्याला किती तरी वेळ हसत होती. त्या दोघांचं एकत्र असं ते शेवटचं हसणं, पण तेव्हा हे कुणाला कळतं?

प्यायचं पाणी ठेकेदाराच्या बैलगाडीवरच्या पिंपातून यायचं. कधी यायचं, कधी नाही. एकदा गाडी आलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशीही आली नाही. पोर ओठ चाटायला लागली. आता डोंगरातली बाई पाणी नाही म्हणून हातावर हात धरून बसेल का? उन्हाळ्यात नदी आटली की तिथल्या बायका पात्रातल्या वाळूत खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणतात. पाणी पाझरून वर येईल तसं वाटीवाटीने हंड्यात भरायचं. काठाशी खणलं तर पाणी गढूळ आणि मचूळ लागतं, पात्राच्या मधोमध खणलं तर नितळ आणि गोड. तिकडच्या पोरींना हे बोलता येण्याच्या आधीपासून ठाऊक असतं.

त्या दिवशी अमावास्या होती. सकाळी बघतात तर खाडी कधी नव्हे एवढी सुकलेली. मधली वाळू उघडी पडलेली, ओली, चकचकीत, अगदी घरच्या नदीसारखी. पुतळाबाईने हंडा घेतला, पोर काखेला मारली. पुंजाने फावडं खांद्यावर टाकलं. काठाजवळ घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ होता, तो ओलांडून ती आत गेली. खणलं, तर खारं. आणखी आत जाऊन खणलं, तरी खारंच. पुंजा म्हणाला, "अजून मधी जाऊ. गोड पाणी मधीच असल."

पाणी परत येईल ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. कशी शिवावी? पूर येतो तो पावसाने. आभाळ कोरडं ठणठणीत, दिवाळी होऊन गेलेली, आणि दिवाळीनंतर नदी फक्त आटत जाते. आटलेलं पाणी त्याच दिवशी उलट फिरून येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुकादमाला ठाऊक होतं. ठेकेदाराला ठाऊक होतं. काठावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असेल. पण मजुराला कामापुरतं सांगतात, जिवाचं सांगत बसत नाहीत.

पाणी समोरून आलं असतं तर दिसलं असतं. ते मागून आलं, काठाजवळच्या त्या ओहोळातून. मान वळवून बघतात तर ओहोळ कमरेच्या वर गेलेला, आणि उलटा वाहतोय, समुद्राकडून डोंगराकडे. उलटी वाहणारी नदी बघून पुंजा क्षणभर जागीच खिळला. मग त्याने पोर पुतळाबाईच्या खांद्यावर बसवली, तिचा दंड घट्ट धरला आणि तो पाण्यात शिरला. कशीबशी ती दोघं पलीकडे लागली. पुतळाबाईचे पाय काठाच्या चिखलात रुतले, जीव खाली पडला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया, हंडा राह्यला!"

"थांब, आणतो," म्हणत पुंजा मागे वळला.

जर्मनचा हंडा होता, पुतळाबाईच्या भावाने लग्नात दिलेला. एका भांड्यासाठी माणूस मागे फिरतो का, असं तुम्ही म्हणाल. ज्यांच्या घरात एकच भांडं असतं त्यांना विचारून बघा. हंडा आपला आपण तरंगत काठाला लागला. पुंजा नंतर तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. ठेकेदाराचा माणूस आला आणि म्हणाला, पोलीसबिलीस कशाला, नसती कटकट होईल, तापानं गेला म्हणायचं. खाडीकाठीच त्याला माती दिली. पुतळाबाई पोरीला घेऊन घाट चढली. हंडा तिने तिथेच टाकला.

"तापानं गेला," तिने सासरी सांगितलं. माहेरी तेच सांगितलं. पोटासाठी नाशिकला आली, पेठ नाक्याजवळच्या झोपड्यांत राहिली, पंचवटीच्या बाजारात भाजी निवडायला लागली, तिथेही तेच. आधी ठेकेदाराने बजावलं म्हणून, आणि मग तेच सोयीचं पडलं म्हणून. खरं सांगायचं तर पाण्याचं सांगावं लागणार, आणि पाण्याचं सांगितलं की हंडा येणारच. तेवढी एक गोष्ट तिच्या घशाबाहेर येत नव्हती. पोर मोठी झाली तरी आली नाही.

कुसा हुशार होती, पण चौथीत तिची शाळा सुटली. भरती-ओहोटीचा धडा वरच्या इयत्तेत असतो, तिथपर्यंत ती पोचलीच नाही. एकदा शेजारणीने तिला सुकटीची चटणी दिली. घरी आणली तर आईने वाटी अशी भिरकावली की पत्र्याला पोचा पडला. पोरीला वाटलं आई मारणार. आई कोपऱ्यात बसून थरथरत होती. कुसाने जमिनीवरची सुकट गोळा करून बाहेर टाकली, आणि त्यानंतर समुद्र, मासळी, खाडी हे शब्द तिने घरात कधी काढले नाहीत. आईला कशाने त्रास होतो हे तिला कळलं होतं. का होतो, ते विचारायचं नसतं हेही कळलं होतं.

उन्हाळ्यात मायलेकी डोंगरातल्या माहेरी जायच्या. तिथे मात्र पुतळाबाई निराळीच बाई व्हायची. आटलेल्या नदीत पोरीला घेऊन उतरायची, तिच्या हातात वाटी द्यायची. कुसा आळशासारखी काठालाच खणायला बसली की तिच्या पाठीत धपका घालायची. "तिथं नाय गं, येडे. काठाचं पाणी मचूळ. मधी जा. मधलं पाणी गोड असतं." आणि झिऱ्यातलं पहिलं पाणी ओंजळीने पोरीला पाजायची. बापाने काही ठेवलं नव्हतं, आईजवळ काही नव्हतं. एवढी एक विद्या होती, ती तिने मनापासून दिली.

कुसाचं लग्न पेठच्या अलीकडच्या गावातल्या झिपरूशी झालं. गरीब, सरळ पोरगा. वर्षभरात लेकीला मुलगी झाली. पुतळाबाईला वाटलं, चला, आपलं निभावलं. मग सत्त्याऐंशी साल आलं आणि पावसाने पुन्हा दगा दिला.

कार्तिक सरत आला होता. झिपरूच्या गावची मंगलाबाई आवळ्यांची पाटी घेऊन पंचवटीच्या बाजारात आली. पुतळाबाईने तिला चहा पाजला आणि विचारलं, "माझी कुसा कशी हाय?"

मंगलाबाई चहात फुंकर घालत राहिली. "तुला सांगू नको म्हणली होती."

"काय सांगू नको?"

"आता सांगतेच बाई. ती आन झिपरू, पोरीला घेऊन, भिका मुकादमाच्या ट्रकात गेली. खाली, मिठागरावर. आईला खाडीचं नाव काढलं तरी त्रास होतो म्हणली, येऊ तवा सांगू."

पुतळाबाईच्या हातातली मेथी खाली पडली. "कोणती खाडी?"

"कोण जाणे. चुन्याची पडकी भट्टी हाय म्हणं काठाला."

ती भट्टी पुतळाबाईने डोळ्यांनी पाहिली होती. तिच्याच सावलीत पुंजाला माती दिली होती.

ती उठली ती सरळ धावत सुटली. एसटी स्टँडवर गेली, तर तिकडची गाडी सकाळीच गेलेली, आता उद्या. ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. चारी बाजूंनी रिक्षा, सायकली, देवळाकडे निघालेली माणसं. एवढ्या मोठ्या शहरात समुद्राकडे जाणारं कोण होतं? आणि मग तिला आठवलं, की आहेत. एवढी वर्षं ज्यांच्याकडे पाठ फिरवून ती वळसा घालत होती, तीच माणसं आहेत.

ती सुक्या मासळीच्या गल्लीत शिरली. वास अंगावर आला तशी तिला ओकारी आली. भिंतीला हात टेकून ती ओकली, तोंड पुसलं आणि पुढे गेली. नवसाबाई नावाची एक कोळीण दर आठवड्याला खाडीकडून टेम्पोभर माल घेऊन यायची. चांगली आडवीतिडवी बाई, जिभेला हाड नसलेली. तिच्यासमोर पुतळाबाई मटकन बसली.

"काय गो बाय, बोंबील पायजे?"

"माझी लेक खाडीवर गेलीय," पुतळाबाई म्हणाली. "तिला म्हाईत नाय."

"काय म्हाईत नाय?"

आणि पुतळाबाई बोलायला लागली. जे पोटच्या पोरीला सांगितलं नव्हतं ते तिने बोंबलांच्या ढिगासमोर एका परक्या बाईला सांगितलं. पाण्याची गाडी आली नव्हती ते. झिरा खणायला मधे गेलो ते. पाणी मागून आलं ते. नवसाबाईने गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "पार काठाला आला होता ना तो? मग पुन्हा मागं कशाला फिरला?"

पुतळाबाईचे ओठ हलले. "काय तरी राह्यलं होतं," ती म्हणाली.

नवसाबाईने तेवढ्यावर सोडलं. ती बोटांची पेरं मोजायला लागली, आणि मोजता मोजता तिचा चेहरा उतरला. "उद्या अवस आहे गो. उद्या उधाण. सकाळच्याला खाडी अशी सुकंल की मधोमध चालत जावं, आन दुपारच्या आत तुडुंब." मग ती चिडलीच. "गोड पाणी दर्याच्या मधी कधी मिलतं काय? जमिनीच्या कडेला, सुरूच्या झाडाखाली वाळूत खणायचं. पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्याच्या वर तरंगत राहतं. आमच्याकडचं शेंबडं पोर सांगंल! तुमच्या माणसांना कोण सांगत नाय?"

"नाय," पुतळाबाई म्हणाली. "कोण सांगत नाय."

दोघी पोस्टात गेल्या. ती चुन्याची भट्टी नवसाबाईच्याच गावच्या खाडीवर होती, म्हणून तिथल्या पोस्टाला ट्रंक कॉल लावला. कारकून भला होता, पुन्हा पुन्हा लावत राहिला, पण लाइन काही मिळाली नाही. मग नवसाबाईने उरलेला माल मिळेल त्या भावात शेजारणीच्या अंगावर घातला आणि टेम्पोवाल्या धोंडीरामला हाक मारली. एरवी उन्हं कलल्यावर निघणारा टेम्पो लगेच निघाला. पुतळाबाई मागे मासळीच्या रिकाम्या पाट्यांत बसली. आता तिला वास येत नव्हता.

त्र्यंबक मागे पडलं. डोंगर लागले, तिचेच डोंगर. ती मनातल्या मनात बोलत होती. कुसे, आत जाऊ नको. कुसे, मी सांगते तुला सगळं, तुझ्या बापाचं सांगते, हंड्याचंपण सांगते, फक्त आत जाऊ नको. एवढ्या वर्षांत ज्या वाक्यांना तिने तोंडातून फुटू दिलं नव्हतं, ती आता एकामागून एक येत होती, आणि ऐकायला समोर पाट्या होत्या.

मोखाड्याच्या पुढे एका उतारावर मोठा आवाज झाला आणि टेम्पो एका अंगाला कलला. धोंडीराम खाली वाकून आला तो कपाळाला हात लावूनच. चाकावरचा पाटा तुटला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो समोरून आलेल्या एका ट्रकवर लटकून मिस्त्री आणायला गेला तो रात्रभर आला नाही. उजाडलं तशी पुतळाबाई चालायला लागली. नवसाबाईने तिला धरलं. "येडी झालीस? इथून पायी कधी पोचशील?" तेवढ्यात एसटी आली. पुतळाबाई रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. गाडी माणसांनी खच्चून भरलेली, टपावरही माणसं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, तिच्या बाजूने गाडी काढली आणि निघून गेला.

सूर्य वर येत होता. कोवळं ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं, मग बुंध्यावर, मग रस्त्यावर. पुतळाबाई त्या उन्हाकडे बघत होती. तिला दिसत होतं. आता खाडी तळाला गेली असेल. आता मधली वाळू उघडी पडली असेल. आता लेक खोपटीतून बाहेर आली असेल. "नवसाबाय, आता काय झालं असल?" ती विचारायची. नवसाबाई पहिल्यांदा सांगत होती, मग सांगेनाशी झाली. सावल्या आखडत आखडत पायांखाली आल्या. पुतळाबाईने रस्त्यावर कपाळ आपटलं, "आभाळा, आजच्या दिस थांब रं!" असं ओरडली, आणि नवसाबाईसारखी खमकी बाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत रडली. धोंडीराम मिस्त्रीला घेऊन आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

ती पोचली तेव्हा दिवस मावळत होता. खाडी पुन्हा रिकामी झाली होती. मधली वाळू उघडी, ओली, चकचकीत. भट्टी जागेवर होती. भट्टीच्या पायथ्याशी माणसं जमली होती, आणि त्यांच्यापासून बाजूला झिपरू बसला होता. त्याच्या मांडीवर पोर होती. त्याचे कपडे अंगावरच वाळले होते आणि त्यांवर मिठाचे पांढरे डाग पडले होते.

पुतळाबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"आये," तो म्हणाला, "मी बांधावर होतो. पाण्याची गाडी दोन दिस आली नव्हती. मी तिच्याकडं पळालो, आये. मी पाण्यात उडी घातली, पण मला पवता येत नाय. कोळ्यांनी मला ओढून काढलं. तिला होडीतून बघाया गेलेत."

पुतळाबाई खाली बसली. तिने नातीच्या पायाला हात लावला. पाय गरम होता. पोर खोपटीत झोळीत होती म्हणून वाचली.

"गावातल्या एका बाईनं सांगितलं होतं आमाला," झिपरू बोलतच होता. गप्प बसायची त्याला भीती वाटत असावी. "सुरूच्या झाडाखाली खणा म्हणली. मी कुसाला बोललो, इथंच खणू. ती हसली मला. म्हणली, तुमाला काय कळतं, काठाचं पाणी मचूळ असतं. माझ्या आयेनं शिकवलंय मला. मधलं पाणी गोड असतं."

नवसाबाई मागे उभी होती. तिने पुतळाबाईच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला आणि तसाच मागे घेतला. काही दुःखांना हात लावण्याचीही माणसाला लाज वाटते. पुतळाबाई रडली नाही, ओरडली नाही. ती एवढंच म्हणत राहिली, "मीच शिकवलं. मीच शिकवलं." अंधार पडायच्या आत होडी परत आली.

या वेळी कुणी तापाचं नाव काढलं नाही. ठेकेदाराचा माणूस आला होता, तीच कटकटीची भाषा घेऊन. पुतळाबाई त्याच्या अंगावर अशी धावून गेली की तो चपला टाकून पळाला. पंचनामा झाला. त्याने पुढे काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. कुसाला बापाच्या शेजारी माती दिली. झिपरू काही दिवस वेड्यासारखा फिरला, मग कामासाठी दुसरीकडे गेला, सणावाराला पोरीला बघून जातो. नात पुतळाबाईजवळ नाशिकला आहे.

आता दिवाळी झाली की पुतळाबाई बाजाराचं काम सोडून पेठला जाते. ट्रक भरत असतात तिथे जाऊन उभी राहते. फळीवर चढणाऱ्या बायांचे हात धरधरून सांगते, पाणी परत येतं, आभाळ कोरडं असलं तरी येतं, मागून येतं, मधे जाऊ नका, झाडाखाली खणा. मुकादम तिला हाकलतात. काही बाया ऐकतात. काही हसतात, काठाला कधी गोड पाणी लागतं का, म्हणतात, आणि मग ही वेड्यासारखी ट्रकच्या मागे धावते. तिला वेडी म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा खाडीवर जाऊन यावं.

नवसाबाईचा टेम्पो आला की ती त्या गल्लीत जाऊन बसते, पाट्या उतरायला मदत करते. नात मांडीवर असते. पोर आता बोलायला लागली आहे. तिला पुतळाबाई काऊच्या, चिऊच्या गोष्टी सांगत नाही. एकच गोष्ट सांगते. तुझा आजा होता, तो असा गेला. तुझी आई होती, ती अशी गेली. तिला मी सांगितलं नव्हतं. नवसाबाई म्हणते, "एवढ्याशा पोरीला काय सांगतेस गो? तिला काय कलतं?" पुतळाबाई ऐकत नाही. ती पहिल्यापासून सांगते आणि हंड्यापाशी आली तरी थांबत नाही. काठाला लागलो होतो, तवा मीच म्हणलं, हंडा राह्यला, असं स्वच्छ सांगते.

पोरीला त्यातलं काही समजत नाही. हंडा तेवढा समजतो. तो शब्द आला की ती दोन्ही हात पसरून तो केवढा मोठा होता ते दाखवते.

"हां," पुतळाबाई म्हणते, "एवढाच होता."